पंपावरची वायर

“हा सॉलेनॉइड तुझ्याच डोक्यात घालीन,” ड्रायव्हर म्हणाला.

दारात उभ्या ट्रकच्या डिझेल पंपावरचा हात मिस्त्रीने काढला नाही. “घाल. पण आधी डोकं वापर. पार्ट चांगला आहे. ही वायर आपोआप सुटत नाही, कुणीतरी काढतं.”

त्याने वायर जागेवर बसवली आणि इंजिन चालू झालं. पण उपयोग काय? निघायची वेळ केव्हाच टळली होती. चावी फिरवली की वायरीतून करंट येऊन पंपावरच्या त्या सॉलेनॉइडची बोटभर खिट्टी सरकायची आणि डिझेलला वाट मिळायची. लांबची खेप असली की नेमकी तीच हटून बसायची. पार्ट बदलून झाला, मिस्त्रीच्या शिव्या खाऊन झाल्या, दुखणं जागच्या जागी. मालकाने आज शेवटचं बजावलं होतं, की उद्या सकाळी गाडी हलली नाही तर चावी दुसऱ्याच्या हातात. या वयात नवी नोकरी कोण देणार होतं त्याला?

मिस्त्री स्वतःचं पाप झाकतोय, याची ड्रायव्हरला खात्रीच होती. तणतणत तो घरात आला, तर आईचं तोंड चालूच. म्हातारी ताटावर तुटून पडली होती आणि भरल्या तोंडाने सुनेच्या नावाने खडे फोडत होती. ही माझा चष्मा लपवते, अंगावर दार आपटते, मला उपाशी मारते.

“उपाशी?” ड्रायव्हर म्हणाला. “मग हे ताट काय शेजाऱ्यांनी वाढलं?”

बायकोने सासूला आणखी वाढलं. बिचारी लग्न होऊन आली तेव्हापासून म्हातारीने तिला सुखाचा श्वास घेऊ दिला नव्हता. रोज नवं गाऱ्हाणं, आणि त्यातली निम्मी खोटी निघालेली. ड्रायव्हरने कधीच कानात बोळे घातले होते.

सकाळी उजाडताच मिस्त्रीला रंगेहाथ पकडायला तो खिडकीआड उभा राहिला. मिस्त्री आलाच नाही. आली ती आई. चाकाशी बसली, मागून हात घातला आणि न बघता वायर उपसली. तिचा नवराही ड्रायव्हरच होता. गाडी बिघडली की बॅटरीचा उजेड धरून तीच उभी राहायची.

ड्रायव्हरच्या अंगाची लाही लाही झाली. पोटच्या पोराच्या पोटावर पाय? गल्ली गोळा होईपर्यंत तो ओरडत राहिला.

“तू जाऊ नकोस,” आई एवढंच म्हणाली. “नाहीतर मला बरोबर ने. मागे पोत्यांवर बसेन मी.”

“हिच्यावर घर टाकून जातो ना, तेच बघवत नाही तुला. जळतेस तू.”

बायको मध्ये पडली. “असू द्या हो. वय झालंय त्यांचं. मी आहे ना, मी बघते त्यांच्याकडे.”

ड्रायव्हरला भरून आलं. अशी बायको मिळायला पुण्य लागतं.

त्याने मिस्त्रीला बोलावलं. माफी मागणं त्याच्या रक्तात नव्हतं. कायमचा इलाज कर, एवढंच सांगितलं. मिस्त्रीने सॉलेनॉइड उघडून खिट्टीच काढून टाकली. आता वायर असो नसो, डिझेल जाणारच. मात्र चावीने इंजिन बंद होणार नाही, असं त्याने बजावलं. थांबवायचं तर वरचा गिअर टाकून ब्रेक दाबायचा आणि क्लच सोडायचा. ड्रायव्हर म्हणाला, थांबायचंय कुणाला?

इंजिन पहिल्या फटक्यात चालू झालं. तशी आई घरातून धावत आली, चाकामागे हात घालून तिने वायर हिसडली. इंजिन धडधडतच राहिलं. तिने पुन्हा हात घातला, हाताला लागेल ते ओढलं. मिस्त्रीलाही हसू आवरेना. शेवटी सुनेने तिला काखेत हात घालून बाजूला घेतलं आणि ड्रायव्हरने मागे न बघता गाडी काढली.

आवाज विरेपर्यंत सून सासूला आधार देऊन उभी होती. बघणाऱ्यांसमोर तिने म्हातारीचे विस्कटलेले केस सारखे केले, तिला हळूहळू आत नेलं, खाटेवर बसवलं, दार लावून घेतलं. मग स्वयंपाकघराला कुलूप घातलं.

“आता ते येईपर्यंत नुसतं पाणी,” ती म्हणाली.