व्याह्यांना आवडलेली तिवई

खाली टेम्पो थांबल्याचा आवाज आला आणि गोमाजी सकाळपासून दुसऱ्यांदा आंघोळीला गेला.

"आता लपून काय फायदा? व्याही लिफ्टमदी शिरलं पन," मनुबाई दाराबाहेरून बोलली. तिच्या आवाजात दया नव्हती. नवऱ्याने स्वतःहून ओढवून घेतलं होतं, हात दाखवून अवलक्षण.

त्यांच्या मुलीचं, वर्षालीचं लग्न ठरलं त्या दिवशी तिचे होणारे सासरे, कुंडलिकराव, ठाण्याहून कोपरला आले होते. गॅलरीतल्या तिवईवर हात ठेवून ते म्हणाले, "काय वस्तू आहे हो, अशी आता बघायलाही मिळत नाही." झालं! गोमाजीच्या घरात रीतच होती, पाहुण्याने कशाला चांगलं म्हटलं की ते त्याच्या पिशवीत घालायचं. अशा काकड्या गेल्या, वाल गेले, एकदा तर चांगला तुरेबाज कोंबडा गेला. त्याच सवयीने तो बोलून बसला, "आवडली ना? मग तुमचीच."

पण काकडी परत लागते, कोंबडाही परत मिळतो. तिवई कुठून मिळणार? कमरेएवढं उंच, तीन पायांचं बाभळीचं स्टूल, बापाने वाकसाने तासून केलेलं. खळ्यावर वारा सुटला की गोमाजी तिच्यावर उभा राहून सुपातून भात उफणायचा आणि मनुबाई खालून टोपल्या भरून द्यायची. त्या खळ्याच्या जागी आता याच बिल्डिंगचं पार्किंग होतं. जमीन गेली, बैल गेले, त्याचं त्याला एवढं वाटलं नव्हतं. तिवईचं मात्र फार वाटत होतं, शब्द दिल्यापासून जेवण गोड लागत नव्हतं. आणि दिलेला शब्द मागे घ्यायचा, तोही मुलीच्या सासऱ्याकडून? छे. उलट कुणी नाव ठेवू नये म्हणून भर लग्नात चार माणसांसमोर त्यानेच विचारलं होतं, तिवई कधी नेताय म्हणून.

म्हणून आज हा टेम्पो.

कुंडलिकरावांनी चहा घेतला, सूनबाईची खुशाली सांगितली, उन्हाविषयी बोलले आणि मग पुन्हा उन्हाविषयीच बोलले. शेवटी गोमाजीच उठला. एकदाचं होऊन जाऊ दे.

लिफ्टमधून फर्निचर न्यायला सोसायटीची मनाई होती. तो नियम मीटिंगमध्ये भांडून गोमाजीनेच करून घेतलेला. मग काय, जिना. दोन म्हातारे एकेक पाय धरून उतरायला लागले, तिसरा पाय भिंतीला घासत होता. दर वळणावर गोमाजी म्हणायचा, जरा टेकूया. दमला नव्हता, पण तेवढीच आणखी थोडा वेळ आपली.

तिसऱ्या मजल्यावर कुंडलिकरावच तिवईवर बसले आणि घाम पुसू लागले.

"व्याही, एक बोलू? रागावू नका."

"बोला."

"आमच्याकडे ठेवायला जागाच नाहीये हो. बायको बोलली, ती आणलीत तर तुम्ही पण तिच्यावरच झोपा. त्या दिवशी मी आपलं काहीतरी चांगलं बोलायचं म्हणून बोललेलो."

गोमाजी पायरीवर बसला. "मग आदी का नाय बोललात?"

"तुम्ही एवढ्या प्रेमाने दिलीत. वर लग्नात पण आठवण केलीत. मुलीच्या बापाचं मन कसं मोडणार?"

गोमाजीच्या छातीवरचा धोंडा उतरला. डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या, पण चेहरा त्याने गंभीर ठेवला. ठीक आहे, म्हणाला, तुमची एवढी अडचण आहे तर तुमची वस्तू मी माझ्याकडे सांभाळतो. मग तिवई खांद्यावर घेतली आणि जिना चढायला लागला. व्याह्यांना हात लावू दिला नाही, कुठल्या वळणावर टेकलासुद्धा नाही.

दार मनुबाईने उघडलं. गॅलरीत कपडे वाळत घालताना तिवईचा पाय नडगीला लागला की "जल्ली मेली" म्हणून ती रोज शिव्या घालायची. आता काही न विचारता तिने पदराने वरची फळी पुसली आणि तिवई जागेवर नेऊन ठेवली. तिलाही बरं वाटलं होतं, पण ते ती कबूल करणार नव्हती.

टेम्पो रिकामा परत गेला. कुंडलिकरावांना जेवल्याशिवाय सोडायचा प्रश्नच नव्हता. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. तेही मोकळे झाले होते, हसून बोलत होते. पाणी प्यायला त्यांनी शेजारचा पितळी तांब्या उचलला, मनुबाईच्या सासूच्या वेळचा, हातात फिरवून निरखून पाहिला आणि काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. गोमाजीचा घास हातातच राहिला.

"पाव्हनं," मनुबाई घाईघाईने म्हणाली, "गपचूप जेवा."