आतली बाजू

हार्वीने लांडग्याचा मुखवटा चढवला आणि मान गरागरा फिरवली. मुखवटा जागचा हलला नाही.

"अरे, कुठं टोचतसुद्धा नाही!" तो आतून ओरडला.

रोलंडच्या जिवात जीव आला. लाकूड आतून कोरताना त्याने माप म्हणून स्वतःचाच चेहरा वापरला होता. हार्वी मासेमारीला गेलेला, दुसरं करणार काय? रोलंड तान्हेपणीच दत्तक जाऊन परक्या शहरात वाढला होता. मोठेपणी बेटावर आला तेव्हा गावातल्या दोन कुळांपैकी डोमकावळ्याच्या कुळाने त्याला पोटाशी धरलं. तरी गाव त्याला अजून पाहुणाच म्हणे. हे पहिलं मोठं काम पसंत पडलं की ती तोंडं बंद होणार होती.

हार्वीची थोरली बहीण आयरीन टेबलापाशी बसली होती. लांडग्याच्या कुळात तिचा शब्द शेवटचा. तिने मुखवटा काढून घेतला. काळातांबडा रंग, शिंपल्याचे डोळे, यातलं काही तिने पाहिलं नाही. तो उलटा करून आत बोटं फिरवली. त्या घराण्याची डावी भुवई हाडापासूनच पुढे आलेली. कुणीही कोरलेला मुखवटा त्यांना तिथे रुतायचा, मग खरवडून घ्यावा लागायचा. या मुखवट्यात तिथे आधीच खळगा होता.

"तुझा जन्म कधीचा रे?" तिने विचारलं.

"मोठा भूकंप झाला त्या वसंतातला. जुनो शहरातल्या दवाखान्यात. आईचं नाव कुणी सांगितलंच नाही. का हो, आत्या?"

गावात मुलाचं कूळ आईकडून ठरतं, आणि पलीकडच्या कुळातल्या वडीलधाऱ्या बायकांना सगळे आत्याच म्हणतात.

आयरीनने मुखवटा टेबलावर पालथा ठेवला. "हा आम्हाला चालायचा नाही."

"अगं, एवढा छान बसतोय की!" हार्वी म्हणाला. "कशाला उगाच नाट लावतेस?"

रोलंडचं डोकंच फिरलं. "खोट काय ते दाखवा ना! मी बाहेरचा म्हणून नाही म्हणताय, सरळ सांगा तसं. लांडग्यांचा मुखवटा लांडग्यानं कोरायचा नसतो, कावळ्यांकडूनच करून घ्यायचा असतो. म्हणून तर मला काम दिलंत!"

"तेच तर म्हणतेय मी."

ती उठून त्याच्याजवळ आली. त्याच्या डाव्या भुवईवरून तिने अंगठा फिरवला. फार वेळ फिरवला. रोलंडचा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याला उगाच भीती वाटू लागली.

"माझी धाकटी बहीण त्याच वसंतात जुनोहून परत आली. रिकाम्या हातानं. मरेपर्यंत बाळाबद्दल अवाक्षर काढलं नाही तिनं." आयरीनने नाक पुसलं. "मुखवटा करून घेऊ दुसऱ्या कुणाकडून तरी. आणि आत्या काय म्हणतोस, गाढवा? मावशी म्हण."