उकळत्या पाण्यात अर्धं मिनिट

"मामा, प्रेस काढा की आता," संघरत्ना दुसऱ्यांदा म्हणाली. केरूमामांनी न ऐकल्यासारखं करून तिच्यापुढे पाण्याचा तिसरा पेला ठेवला.

"पाणी पाजून मारताय का पोरीला?" आतून मामी गीताबाई ओरडल्या.

प्रेस कॉटखाली होता. दोन लाकडी जाळ्या, मध्ये जुनी वर्तमानपत्रं, वरून करकचून आवळलेले पट्टे. शहापूरच्या कॉलेजात प्रयोगशाळेचे शिपाई म्हणून मामांनी चौतीस वर्षं अशा प्रेसमध्ये झाडं दाबून सुकवली होती. संघरत्ना त्यांच्याच किन्हवलीची, त्याच कॉलेजात शिकलेली. आता ती पुण्याला वनस्पतींवर संशोधन करत होती. झाडांची नावं तिने पुस्तकांतून पाठ केली. झाड हातात कसं धरायचं ते मात्र मामांनी शिकवलं.

जानेवारीत मुरबाडच्या अंगाला, घाटातल्या एका कड्यावर मामांना ते झाड दिसलं होतं. वीतभर उंच, जाड रसाळ पानांचं, फिकट पिवळ्या फुलांचं. जन्मभर कुणापुढे ठामपणे न बोललेले मामा त्या दिवशी फोनवर म्हणाले, "रत्ना, हे आपल्या यादीतलं नाय." फोन ठेवला आणि लगेच त्यांना वाटलं, आपण कोण हे सांगणारे?

पण ती आली. कड्यावर सगळी मिळून अकरा झाडं होती आणि फुललेलं एकच. नवीन जात जाहीर करायची तर एक झाड वाळवून संग्रहालयात कायमचं ठेवावं लागतं. संघरत्नाने ते फुललेलं झाड मुळासकट काढलं आणि मामांच्या हवाली केलं. दुसऱ्या कुणावर तिचा भरवसा नव्हता.

रसाळ झाड नुसतं दाबून मरत नाही. पानांतल्या पाण्यावर ते आठवडेच्या आठवडे तग धरतं आणि वाळण्याऐवजी पानं गाळत बसतं. म्हणून दाबण्याआधी ते अर्धं मिनिट उकळत्या पाण्यात बुडवून मारायचं, असा नियम. हा नियमही तिला मामांनीच शिकवलेला.

फोटो आणि कड्यावरच्या टिपणांवरून लिहिलेला तिचा लेख आता परत आला होता. तपासणाऱ्यांनी लिहिलं होतं, हे नेहमीचंच झाड खडकावर खुरटलेलं दिसतं. वेगळेपण काय ते दाखवा. कड्यावरचा बहर तर केव्हाच सरला होता.

"आता त्या नमुन्यातच काही सापडलं तर," ती म्हणाली. "नाहीतर लेख मागे घ्यायचा."

मामा हळूच कॉटच्या कडेला टेकले.

"रत्ना, तो नमुना गेला."

"गेला म्हणजे?"

"पाणी ठेवलं होतं मी चुलीवर. चांगलं उकळलं. चिमट्यात झाड धरलं. एक कळी अर्धी उघडलेली होती. दुसऱ्या दिवशी उघडली असती बघ." ते थांबले. "मला नाय जमलं. तसंच दाबलं."

गीताबाई हात पुसत दारात आल्या. "यांना कोंबडी कापायला शेजारचा रोशन लागतो. आन् तू यांना झाड उकडायला दिलंस! त्या पाण्यानं मी आंघोळ केली बाय."

संघरत्ना हसली नाही. मामा जमिनीकडे बघत बोलत राहिले. "चौथ्या दिवशी कागद बदलायला उघडलं, तर सगळी पानं सुटून पडलेली. लाज वाटली. पट्टे आवळले नि सरकवला आत. तुला फोन करायचं रोज ठरवायचो. त्यात हे झाड नेहमीचंच असेल, मला काय कळतंय? उगाच तुला एवढं नाचवलं."

तिने वाकून स्वतःच प्रेस ओढला. पट्टे सोडले. एकेक कागद उचलत गेली. खोड सुतळीसारखं वाळलं होतं. फुलांचे नुसते तपकिरी डाग उरले होते. शेवटचा कागद उचलून ती तशीच वाकून राहिली.

"मामा, इकडे बघा."

"नको गो."

"बघा तर!"

गळलेली पानं कागदभर पसरली होती. प्रत्येक पानाच्या तुटल्या टोकाला पांढरी, केसासारखी मुळं फुटली होती. मुळांशेजारी तिळाएवढा फिकट हिरवा कोंब. सहा आठवडे अंधारात, जाळ्यांच्या दाबाखाली, थेंबभर पाण्यावाचून.

"पानफुटीला फुटतातच की असे," मामा ओशाळून म्हणाले.

"पानफुटी बाहेरून आलेली, मामा. आपल्या घाटात या झाडाच्या नात्यातल्या कुणालाही पानातून कोंब येत नाही. तुमच्या त्या नेहमीच्या झाडाची शंभर पानं मी मातीत लावून पाहिलीत. सगळी कुजली." तिने कागद त्यांच्यापुढे धरला. "तुम्ही म्हणालात तेच खरं. हे वेगळंच आहे."

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एक पान तळहातावर घेतलं. गीताबाई पत्र्याच्या डब्यात माती भरायला गेल्या.

मग मामांना नवीनच काळजी लागली. "पण कोंब कसे दिसले, ते लेखात सांगावं लागेल ना? नियम मोडला, हे सगळ्या जगाला कळंल."

"कळेलच. लपवून कसं चालेल?"

मामांनी मान खाली घातली. संघरत्नाने वही उघडली, दोन ओळी लिहिल्या आणि त्यांना वाचून दाखवल्या.

"'ही जात निराळी असल्याचं किन्हवलीच्या केरू उबाळे यांनी प्रथम ओळखलं. आणि त्यांना ती मारवली नाही, म्हणूनच ते सिद्ध झालं.'"