चूक मनमाडला सापडते

हे दोनदा टाइप करून पुसलं. आता पाठवतोच.

सातपूरच्या एका कंपनीत धम्मपाल सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा. त्याचा दोस्त केतन रोज चहावर विचारायचा, "भावा, तुला बरोबर सापडतं कसं रे?" हा भोळा सगळं उलगडून सांगायचा.

काल साहेबांनी नवा एआय दाखवला. तो बोलला, "दोन सिस्टीम जुळतात ते मनमाड जंक्शन. चूक आधी तिथं शोधा."

हे उदाहरण मनमाडच्या धम्मपालनं फक्त केतनला सांगितलेलं.

"पुढच्या महिन्यापासून धम्मपालचं काम हाच करेल," साहेब म्हणाले. पहिली टाळी केतनची.

नंतर केतन हळूच धम्मपालला म्हणाला, "थोडंच शिकवायचं राहिलंय एआयला. उद्या चहाला येशील ना?"



"येतो ना, भावा. उद्या तुझ्यासारखाच दोस्त होऊन येतो."