सतराचे चौतीस

"सतरा नाही, चौतीस लिहा," लापशिन म्हणाला आणि त्याने वही तिच्याकडे सरकवली.

राउशानने वहीला हात लावला नाही. वीस वर्षं ती या हवामान केंद्रावर वारा, पाऊस, बर्फ मोजत होती. दोन दिवस चाललेलं मातीचं वादळ सकाळी थांबलं होतं. इर्तिश नदीच्या या काठची तीन गावांची पेरणी बियाण्यासकट उडून गेली होती. मेंढ्यांचा गोठा छपरापर्यंत मातीत पुरला गेला होता. पावात माती, चहात माती, आणि प्रांताच्या चौकशी समितीचा हा प्रमुख धुतलेला कोट घालून तिला वारा कसा मोजायचा ते शिकवत होता.

"वारा सेकंदाला सतरा मीटर होता," ती म्हणाली. "मी स्वतः वारामापकाच्या खांबाखाली उभी राहून मोजलाय. डोळे अजून लाल आहेत, बघा."

"सतराला वादळ म्हणत नाहीत, राउशान. सतराने शेतं उडाली असं वर कळवलं तर हसतील मला. चौतीस म्हटलं की नैसर्गिक आपत्ती. मग कुणाचाच दोष नाही."

तिचं डोकं तडकलं. तिने फळीवरच्या जुन्या वह्या ओढल्या आणि एकेक त्याच्यापुढे आपटली.

"हा घ्या एकोणचाळीस सालचा मे. एकोणीस मीटर. हा सत्तेचाळीसचा, एकवीस. शेरा वाचा, कॉम्रेड! 'गवत दिवसभर डोलत होतं.' एवढंच. मातीचा एक कण उडाल्याची नोंद नाही. वारा तोच आहे. नऊ वर्षांपूर्वी तुम्ही बँड वाजवत आलात, या रानाला 'पडीक' म्हणालात आणि क्षितिजापर्यंत जमीन नांगरून पालथी केलीत. आमची म्हातारी माणसं ओरडत होती, गवत हे या जमिनीचं कातडं आहे, सोलू नका. तुम्ही त्यांना अडाणी मेंढपाळ म्हणालात. आणि आता सगळा दोष वाऱ्याचा?"

लापशिन चिडला नाही. त्याने चष्मा पुसला.

"बरं. वारा निर्दोष. मग दोषी कोण? कचेरीतला माणूस नांगर धरत नाही, बाई. ज्याने नांगर चालवला तो दोषी. या भागातल्या ट्रॅक्टर पथकाचा मुकादम कोण आहे?"

राउशानने दाराकडे पाहिलं. मुकादम तिचा धाकटा भाऊ होता. दोसबोल. या घटकेला तो बाहेर फावड्याने केंद्राचं दार मोकळं करत होता. जास्त जमीन नांगरल्याबद्दल त्याला पदक मिळालं होतं. त्याला तीन लेकरं होती.

"पाच वर्षं तरी आत जाईल," लापशिन म्हणाला. "नाहीतर चौतीस."

तिने टाक उचलला. सतरावर काट मारली. शेजारी तीनचा आकडा काढला आणि तिचा हात थांबला.

दाराशी दोसबोल उभा होता. डोक्यापासून बुटापर्यंत मातीने माखलेला.

"पुसून टाक ते, आपा," तो म्हणाला. "मी सगळं ऐकलंय."

"तू मध्ये पडू नकोस. बाहेर जा."

"जमीन मी नांगरली. हुकूम यांचा होता, पण हात माझे होते. पदकही मीच मिरवलं. उद्या यांचे लोक आणखी नांगर घेऊन येतील. वाऱ्यामुळे झालं असं तूच लिहून ठेवलंस, तर त्यांना अडवायचं कशाच्या जोरावर?"

"तुरुंगात सडशील, गाढवा," लापशिन म्हणाला.

"सडेन."

राउशानने भावाकडे पाहिलं. मग तो तीनचा आकडा खोडला, त्याखाली ठसठशीत अक्षरांत सतरा लिहिलं, सही केली आणि वायरलेसची कळ दाबून तोच आकडा राजधानीला पाठवून दिला. आता तो कुणाला फिरवता येणार नव्हता.

पुढे दोसबोलचं पथक गेलं, पदक गेलं, आणि दोन वर्षं त्याने तुरुंगात काढली. पण ते नंतरचं.

त्या दुपारी लापशिन मात्र थक्क होऊन तिच्याकडे बघत राहिला. अशी बाई त्याने पाहिली नव्हती.

"सख्खा भाऊ ना तुझा?" त्याने विचारलं. "एका आकड्यासाठी त्याला खड्ड्यात घातलंस?"

"सख्खा. अकरा वर्षांची होते, तेव्हा याला पाठीवर बांधून ही सगळी माळरानं तुडवलीत मी. बत्तीस सालची गोष्ट. आधी आमच्या मेंढ्या गेल्या, मग घोडे. तुमच्यासारखेच लोक कागद घेऊन आले होते. मग आई गेली. मग वडील. सरकारी दाखल्यावर कारण लिहिलं होतं, दुष्काळ." तिने टाक खाली ठेवला. "या केंद्रावर नोकरीला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी मी बत्तीस सालची वही काढून बघितली. त्या वर्षी इथे पाऊस चांगला झाला होता."