गेम उघडेपर्यंत

दुरुस्तीवाल्याने कॉम्प्युटरचं झाकण काढून काकांच्या हातात दिलं, आतली धूळ फुंकली आणि मान हलवली. "काका, याचे दिवस भरलेत. नवाच घ्या."

"मुलगाही तेच म्हणतो. त्याने पिच्छा पुरवला म्हणून तर आणलाय."

मुलगा नोकरीसाठी लांब गेला, तेव्हा हा कॉम्प्युटर घरीच राहिला. आता दर रविवारी बापलेक आपापल्या घरी बसून एकत्र गेम खेळायचे. खेळायचे म्हणजे काय, गेम सुरू झाला की मुलगा कानात ओरडायचा, "बाबा पळा, बाबा लपा," आणि काका पहिल्या फटक्यातच मरायचे.

"बरं, नवा नको तर निदान आतली डिस्क बदलू. गेम चुटकीसरशी उघडेल. आत्ता किती वेळ लागतो?"

"वीसेक मिनिटं. कधी कधी तर अर्धा तास," काका जरा खुलून म्हणाले.

दुरुस्तीवाल्याला हसू आलं. "आणि तेवढा वेळ मुलगा बिचारा काय करतो?"

काकांनी हातातलं झाकण त्याच्यापुढे धरलं.

"माझ्याशी बोलत बसतो."