आबा नावाचा दावा

"आबा नावाचा दावाच नाही, बाई." मुन्शीजींनी अर्ज खिडकीच्या गजांतून परत सरकवला. "सगळं दफ्तर पाहिलं. खरं नाव सांगा."

चंद्रभागाबाईनं सुनेकडं पाहिलं. पंचफुलाबाईनं पदर दातांत धरला आणि मान खाली घातली.

हिंगोलीच्या मुन्सफ कचेरीवर वैशाखाचं ऊन तापलं होतं. निजामाच्या राज्यात उन्हाळ्याची लांब सुटी असे आणि ती उद्यापासून लागणार होती. सासू-सुना पहाटेच कनेरगावाकडून चालत निघाल्या होत्या. त्यांना मेंढरांच्या पाण्याची वाट परत हवी होती. ओढ्याकडं जाणारी पांदण गावच्या बड्या जमीनदारानं, व्यंकटरावानं, मागं एकदा काट्या टाकून बंद केली, तेव्हा चंद्रभागाबाईच्या लेकानं दावा लावून ती मोकळी करून घेतली होती. जिंकलो, एवढं त्याला पुरे होतं. फैसल्याची नक्कल काही त्यानं काढली नाही. फाल्गुनात तो तापानं गेला. तेरावा व्हायच्या आत काट्या पुन्हा पडल्या. आता मेंढरं त्या काट्यांपाशी तोंड वासून उभी राहत. काल दोन आडवी झाली होती. पोलीस पाटील म्हणाला होता, "कोर्टाचा कागद दाखवा, मी सोता काट्या उचलतो."

"व्यंकटरावाच्या नावानं बघा की, मुन्शीजी."

"त्यांचं नाव काढू नका. त्यांचे सगळ्या मुलखाशी दावे. एक अलमारी त्यांचीच आहे." ओसरीवरची माणसं हसली. "कागद दावा लावणाराच्या नावानं लागतो. आपल्या पोराचं नाव सांगायला काय तकलीफ आहे?"

तकलीफ होती. पोराला त्याच्या आज्याचं नाव ठेवलेलं होतं. आजा म्हणजे चंद्रभागाबाईचा सासरा, आणि सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं, ते मग लेकाला ठेवलेलं असलं तरी. पंचफुलाबाईच्या तर नवऱ्याचंच नाव. नाव घेतलं की त्या माणसाचं आयुष्य घटतं, असं त्या काळी सगळ्याच बाया मानत. म्हणून घरात तो आबा, आणि घरात आबा म्हणून वस्तीवरही आबाच. बाहेरच्या झाडाखाली अर्ज लिहिणाऱ्यानं विचारलं, तेव्हा दोघींनी तेच सांगितलं होतं.

लहानपणी तो पदराला लोंबकळून म्हणायचा, "माय, रुक्मामावशी तिच्या पोराला नावानं हाकारती. तू मला काहून न्हाई?"

"तू माजा सासरा हाईस ना, बाबा!" ती म्हणायची. तो खदखदून हसायचा.

तापात त्याची शुद्ध गेली तेव्हा शेजारची जिवनबाई उशाशी बसली होती. ती म्हणाली होती, "नावानं हाका मारा. नाव ऐकलं की जाणारा वळून बघतो. परक्याच्या हाकेला न्हाई वळत. आईनं मारावी, न्हाई तं बायकोनं." दिवस मावळेपर्यंत दोघी त्याच्या कानाशी 'आबा, आबा' करत राहिल्या. त्यानं डोळे उघडले नाहीत.

"कोड्यात सांगते," चंद्रभागाबाई म्हणाली. "देवाचं घेत्यात, त्ये."

"देवाचं? दर्शन?"

"न्हाई. तोंडानं घेत्यात."

"मग प्रसाद!" मागून कोणीतरी ओरडलं.

"न्हाई वो. आता मुन्शीजी, तुमी मघापून काय मागून राहिले?"

"मी? मी तर नाव मागतोय."

"मंग, त्येच!"

"काय तेच?"

"तुमी मागून राहिले, त्येच!"

ओसरी खो खो हसली. मुन्शीजींना हसू आलं नाही. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि किल्ल्यांचा जुडगा उचलला. "बाई, माझीही माणसं बीदरला वाट बघतायत. सुटीनंतर या. गावातून एखादा गडी घेऊन या."

गावातला गडी व्यंकटरावाच्या विरोधात येणार नव्हता. आणि सुटी संपेपर्यंत मेंढरं राहणार नव्हती. खिडकीचं एक फळकुट बंद झालं. दुसरं निम्मं लागलं. चंद्रभागाबाईनं गजांत हात घातला.

"नामाजी!"

तिनं नाव सांगितलं नाही, हाकच मारली. रानात लांब गेलेल्या लेकराला दिवेलागणीला मारावी तशी. आवाज ओसरीवरून फाटकापर्यंत गेला. फाटकाजवळच्या एका पोऱ्यानं उगाच मागं वळून पाहिलं.

मुन्शीजी किल्ल्या हातात धरून तसेच उभे राहिले. "नामाजी," ते हळूच म्हणाले. "देवाचं घेतात ते."

मग त्यांनी अलमारीचं कुलूप उघडलं. दाव्याच्या कागदांचा बस्ता पहिल्याच फळीवर होता. नक्कल लिहिणारा घरी निघाला होता, त्याला त्यांनी परत बसवलं. दिवस कलता कलता शिक्का मारलेला कागद गजांतून बाहेर आला.

पंचफुलाबाईनं तो पदराच्या गाठीत बांधला. दिवसभर तिनं तोंड उघडलं नव्हतं. दोघी फाटकाबाहेर आल्या, वाशीमच्या सडकेला लागल्या. धुरळ्यात सासू पुढं, सून मागं. पुलाशी आल्यावर चंद्रभागाबाई म्हणाली, "चल बिगीबिगी. उद्या मेंढरं पाणी पितील."

सून जागीच थांबली होती.

"आत्याबाई, तापाच्या त्या दिशी नाव न घेता आपुन कोणाचं आयुष्य राखत व्हतो?"